आवाज न करता खेळायचे खेळ

बैठा खेळ म्हणजे बसून खेळायचा खेळ, ही व्याख्या शब्दकोशाला पुरते. विदर्भातल्या घराला पुरत नाही. तिथे बैठा खेळ म्हणजे घरातले मोठे माणूस दुपारी झोपलेले असताना त्याला जाग न आणता खेळायचा खेळ. बसण्याची सक्ती नसते. लोळून, खाटेखाली शिरून, दिवाणावर पाय वर आणि डोके खाली करूनही तो खेळता येतो. सक्ती असते ती आवाजाची. जागा किती, साहित्य काय, खेळाडू किती हे प्रश्न नंतरचे. कोणता खेळ निवडायचा, तो किती वेळ चालणार आणि कसा संपणार, हे सगळे आवाजावर ठरते.

या शास्त्राच्या अभ्यासाला वाशिम जिल्ह्यातले मालेगाव फार सोयीचे आहे. या गावाचा पत्ता जिल्हा लिहिल्याशिवाय पुरा होत नाही, कारण नुसते मालेगाव म्हटले की सारा महाराष्ट्र नाशिककडच्या यंत्रमागांकडे बघतो. हे मालेगाव अकोल्याहून पातूरचा घाट चढून, मेडशीवरून वाशिमकडे जाताना लागते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, त्यात हा तालुका गेला. जिल्हा बदलला तरी ऊन अकोल्याचेच राहिले. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा घाटावर एखाददोन अंश कमी असतात असे मालेगावकर अभिमानाने सांगतात. अंगणात अनवाणी उभ्या राहिलेल्या पायांना हा फरक कळत नाही.

उन्हामुळेच विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडा-पंधरवडा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. उन्हात लेकरांनी शाळेत येऊ नये हे सरकारने ठरवले आहे. मग त्यांनी कुठे राहावे हे घरच्यांवर सोपवले आहे. मैदानी खेळांची विदर्भात थोर परंपरा आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ साली थेट बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. पण ही सारी परंपरा सकाळची आणि संध्याकाळची. दुपारी बारा ते पाच या वेळेचा विचार कोणत्याही मंडळाने केलेला नाही. झळ लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवण्याचा तोडगा आहे खरा, पण तो शेताकडे निघालेल्या मोठ्या माणसांसाठी. पोट्ट्यांच्या दोन्ही खिशांत कांदे भरले तरी दाराची कडी निघत नाही. जेवणे आटोपली की आजी "बाहीर पाय टाकू नोका" एवढे बोलून कडी लावते, आबाजी बाजेवर आडवे होतात आणि आवाजाचा कायदा लागू होतो.

या कायद्यातून सुटलेला घरातला खेळ एकच, भुलाबाई. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी बंद डबा कानाशी खुळखुळवून आतली खिरापत ओळखतात. डब्याच्या आवाजावरून दाणे की मुरमुरे हे सांगणे ही त्या खेळातली विद्वत्ता. तिथे आवाज म्हणजे पुरावा असतो. पण भुलाबाई येते पावसाळा सरताना, तीही संध्याकाळी. मे महिन्याच्या दुपारी तिचा काही उपयोग नाही.

दुपारी आवाजाच्या बाबतीत लेकरांच्या बाजूने उभा राहणारा एकच घटक असतो, कूलर. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, तळाशी टाकी आणि पाणी वर फेकणारा छोटा पंप, एवढ्या सामग्रीवर तो खोली गार करतो आणि मालगाडीसारखा वाजतो. टाकीत पाणी भरणे हे घरातल्या मधल्या मुलाचे काम मानले जाते. थोरला मोठा झालेला असतो आणि धाकट्याला बादली उचलत नाही. पाणी भरता भरता पाय, फरशी आणि शेजारचा भाऊ भिजतो, म्हणून या कामाचीही गणना खेळांत करावी लागते. चालू कूलरसमोर तोंड नेऊन "आ" म्हटले की फिरत्या पात्यांवरून आवाज तुकड्यातुकड्यांनी परत येतो आणि कोणीही यंत्रमानव होतो. हा खेळ विनासाहित्य, विनामूल्य आणि अल्पायुषी आहे, कारण दुसरा यंत्रमानव पहिल्यापेक्षा मोठ्याने बोलतो. कूलरचे खरे मोल त्याच्या घरघरीत असते. त्या घरघरीखाली कुजबूज, खुसखुस आणि मध्यम प्रतीचे भांडण झाकले जाते. घरातला थंडावा मोठ्यांसाठी आणि गोंगाट लेकरांसाठी, अशी ही सरळ वाटणी आहे.

आवाजाच्या चढत्या क्रमाने पाहिले तर सर्वांत खाली कागद-पेन्सिलीचे खेळ येतात. त्यांत नाव-गाव-फळ-फूल अग्रगण्य. एकाने मनातल्या मनात मुळाक्षरे म्हणायची, दुसऱ्याने "बस" म्हणायचे, जिथे अक्षर थांबेल त्यावरून माणसाचे नाव, गाव, फळ आणि फूल लिहायचे. वेगळे उत्तर असेल तर दहा गुण, दोघांचे सारखे आले तर पाच-पाच. मनातली मुळाक्षरे नेमकी "म" वरच का थांबतात याचा उलगडा होत नाही, पण मालेगावात ती थांबतात. नाव महादेव, फळ मोसंबी, फूल मोगरा इथपर्यंत सारे सुरळीत असते. गावाच्या रकान्यात तिघांनी मालेगाव लिहिलेले असते आणि तिथून पुढचा खेळ न्यायालयीन होतो. पहिला म्हणतो, त्याचे मालेगाव इथले. दुसरा तत्काळ आपले मालेगाव नाशिकला हलवतो आणि वेगळ्या गावाचे दहा मागतो. सुटीसाठी पुण्याहून आलेला आतेभाऊ आपण बारामतीजवळचे साखर कारखान्याचे गाव लिहिले असल्याचे सांगतो. त्या गावाच्या नावात "ळ" आहे, ते माळेगाव, हे कागद उलटा-सुलटा करून पाहिल्यावर निदर्शनास येते. नांदेड जिल्ह्यातले खंडोबाच्या यात्रेचे गावही "ळ" चेच. म्हणजे दहा गुण त्याला एकट्याला मिळायला हवेत. पण वऱ्हाडी बोलीत डोळ्याचा डोया आणि केळीची केयी होते, त्यामुळे ते नाव मोठ्याने वाचताना "मायेगाव" होते आणि असे गाव जगात नाही, यावर स्थानिक मंडळी ठाम राहतात. शेवटी ज्याने शहाणपणाने तालुक्यातलेच मेडशी किंवा मुंगळा लिहिले असेल तो गुपचूप दहा घेऊन मोकळा होतो. "ण" आणि "ळ" ही अक्षरे खेळातून बाद असतात. "ठ" बाद नसतो, पण ठ वरून फूल सांगणारे मूल पुढे काहीही सांगू शकेल असे समजावे.

त्याच कागदाचे चार तुकडे केले की राजा-मंत्री-चोर-शिपाई सुरू होतो. चिठ्ठ्या उधळायच्या, प्रत्येकाने एक उचलायची. राजाने "मेरा मंत्री कौन" असे हिंदीत विचारायचे. दरबाराची भाषा हिंदी असते हे टीव्हीने शिकवले आहे. मंत्र्याने उरलेल्या दोघांतून चोर ओळखायचा. राजाला १००० गुण, मंत्र्याला ८००, शिपायाला ५०० आणि चोराला भोपळा, असा साधारण दर आहे. मंत्री चुकला तर त्याचे गुण चोराकडे जातात. एक प्रश्न विचारण्याखेरीज काही न करता राजाला दर डावाला हजार मिळतात, यावर आजवर कोणत्याही मुलाने हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. दोन डावांनंतर चिठ्ठ्यांच्या घड्या पाठ होतात. चोराच्या चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला असतो, आणि ती नेमकी आपल्यापुढे पडलेली पाहून धाकट्याचा चेहरा चिठ्ठी उघडण्याआधीच पडतो. मग चिठ्ठ्या नव्याने कराव्या लागतात, वहीचे पान पुन्हा फाटते. सुटीत वह्या बारीक होत जातात त्याचे कारण अभ्यासात शोधणाऱ्यांची फसगत होते.

पुस्तकांचाही वापर होतो. पुस्तकातले क्रिकेट हा शालेय पुस्तकाचा बहुधा सर्वाधिक नियमित उपयोग असावा. पुस्तक डोळे मिटून उघडायचे, डावीकडच्या पानाच्या क्रमांकातला शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य आले की बाद. डावीकडे नेहमी सम आकडेच येतात, त्यामुळे एक आणि तीन धावा या क्रिकेटमध्ये कधीच निघत नाहीत. आठ आले तर काय, यावर प्रत्येक गल्लीचे स्वतंत्र मत आहे. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीने पुस्तके काढताना फलंदाजांचा विचार केला नसावा, पण जाड भूगोल हातात घेऊन कित्येक पिढ्यांनी शतके ठोकली. २०२३-२४ पासून काही इयत्तांच्या पुस्तकांचे चार-चार भाग झाले तेव्हा दप्तर हलके झाले आणि खेळपट्टी बिघडली. पातळ पुस्तक पुन्हा पुन्हा त्याच दोन पानांवर उघडते. शिवाय सरावलेला खेळाडू ४६ व्या पानावर नखाने खूण करून ठेवतो आणि षटकार मारत राहतो.

यापुढचा गट चिंचोक्यांचा. त्यांचा पुरवठा कुठून होतो हे पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्यात वर्षाची चिंच फोडून ठेवायची असते. चिंचेच्या ढिगाभोवती घरातल्या बाया बसतात आणि लेकरांना "चला, पाहू कोन जास्त फोडते" असे सांगून शर्यतीच्या नावाखाली कामाला लावले जाते. मुलांना ही लबाडी कळते. ती तरीही बसतात, कारण चिंचोके त्यांचे असतात आणि फोडता फोडता तोंडात गेलेल्या चिंचेचा हिशेब कोणी मागत नाही. चिंचोका दगडावर घासून एका बाजूने पांढरा केला की फासा तयार. असे चार फासे आणि फरशीवर खडूने किंवा कोळशाने आखलेला पाच बाय पाच घरांचा पट, एवढ्यावर अष्टचंग मांडला जातो. कर्नाटकात हाच चौकाबारा. चारी कडांच्या मधल्या आणि अगदी मधोमधच्या घरावर फुली असते, तिथे बसलेल्या सोंगटीला मारता येत नाही. जितके पांढरे वर तितके दान. चारही पांढरे पडले तर चंग म्हणजे चार, चारही काळे पडले तर अष्ट म्हणजे आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा खेळायला मिळते. चार चिंचोके सोळा तऱ्हांनी पडू शकतात. त्यांपैकी चंग एका तऱ्हेने, अष्टही एकाच तऱ्हेने. म्हणजे सोळांत एकदा चंग पडावा. प्रत्यक्षात थोरल्या बहिणीला तो तिसऱ्या खेपेस पडतो. चिंचोका कलंडून अर्धा उभा राहिला तर तो पांढरा की काळा, हे ठरवताना ती वयाने मोठी असते. दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही, हा या खेळाचा गाभा. भावंडांत सलोखा राहावा म्हणून सुचवल्या जाणाऱ्या खेळांत अशी अट असलेला दुसरा खेळ क्वचितच असेल.

आवाजाच्या दृष्टीने अष्टचंग मध्यम आहे. चिंचोके फरशीवर टाकले तर टकटकतात, म्हणून ते गोधडीच्या टोकावर टाकतात. तोच उपाय सापशिडी आणि लुडोच्या फाशाला लागू आहे, फक्त गोधडीवर फासा तिरका उभा राहतो आणि दोन आकडे एकदम दाखवतो. सापशिडीची चाल जुनी आहे. संत ज्ञानेश्वरांनी मोक्षपट रचला अशी परंपरा आहे. त्यात शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे आणि शेवटचे घर मोक्षाचे. विलायतेला जाऊन आल्यावर त्यातला मोक्ष गेला आणि शंभर नंबर उरला. तरीही अठ्ठ्याण्णववरून साप गिळतो तेव्हा तळाला पोचलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर वैराग्याची छटा दिसते. लुडो हा पचिसीचा साहेबी अवतार. त्याचे पेटंट १८९६ साली इंग्लंडमध्ये घेतले गेले, आणि नवी मुंबईतल्या एका कंपनीने २०१६ साली आणलेला त्याचा मोबाइलवरचा अवतार २०२० च्या टाळेबंदीत घरोघर पोचला. मोबाइलवरच्या लुडोत फासा हलवून ठेवता येत नाही, सोंगटी एक घर पुढे सरकवता येत नाही, पटावर चुकून पाय पडत नाही. खेळातली निम्मी कौशल्ये त्यामुळे बाद झाली.

पत्ते शांत असतात, पत्ते खेळणारे नसतात. घरातल्या जोडात बावन्न पत्ते असतील असे समजणे भाबडेपणाचे. एक किलवर नव्वी कोणत्या तरी लग्नात हरवलेली असते आणि तिच्या जागी दुसऱ्याच कोणाच्या लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा "किलवर नव्वी" असे लिहून घातलेला असतो. त्या पानाच्या मागच्या बाजूला गणपतीची सोंड दिसते, त्यामुळे किलवर नव्वी कोणाकडे आहे हे साऱ्या घराला ठाऊक असते. बदाम सात हा सभ्य खेळ, कारण त्यात दुसऱ्याचे पान अडवून धरले तरी चेहरा निरागस ठेवता येतो. भिकार-सावकारात बुद्धी लागत नाही आणि तो संपत नाही. साडेपाच वर्षांच्या खेळाडूसाठी दोन्ही गोष्टी सोयीच्या. झब्बूत शेवटी एकाच्या हातात पानांचा भारा उरतो आणि सगळे मिळून त्याच्याकडे पाहतात. दुपारची पहिली आरोळी बहुधा इथे फुटते. पत्ते हरवण्याच्या बाबतीत सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आणखी नाजूक मानावी लागेल. तिच्या जोडात गोल आकाराची, हाताने रंगवलेली १२० पाने असतात. मत्स्यावताराचे एक पान गेले तर लग्नपत्रिकेने भागत नाही.

भातुकलीचा आवाज अजब असतो, कारण त्यात भांडी खरी वाजतात आणि माणसे खोटी ओरडतात. डव्हा गावच्या रथसप्तमीच्या यात्रेतून आणलेली इवलीशी चूल, पोळपाट, बादली मांडली की एक घर सुरू होते. त्या घरातली बाई मोठ्या बाईचे वाक्य तिच्याच सुरात म्हणते, "गॅस बंद केला का म्या?" आणि उठून पाहून येते. त्या घरातला नवरा बहुतेक वेळ बाहेर गेलेला असतो. त्याला काम काहीच नसते, पण तो परत आला की चहा मागतो. पाहुणे येतात, त्यांना फल्लीदाणे आणि गुळाचा खडा मिळतो. या नाटकाची संहिता कोणी लिहून दिलेली नसते, म्हणून स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहणाऱ्या आईला आधी हसू येते आणि मग ती पदराने तोंड पुसत आत जाते.

मोठ्यांनी सुचवलेले उपक्रम या क्रमात कुठे बसवायचे हे ठरवणे कठीण आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि मोबाइल यांच्याकडे "सुटीत मुलांसाठी घरच्या घरी" अशा याद्या असतात. त्यांतला लाडका विषय टाकाऊतून टिकाऊ. त्यासाठी घरात टाकाऊ वस्तू असावी लागते आणि मालेगावच्या घरात ती नसते. प्लास्टिकच्या बाटलीत फिनाइल आहे. तेलाच्या डब्यात तुळस आहे. आजीचे जुने लुगडे गोधडीत गेले, गोधडी जुनी झाल्यावर ती कूलरखाली गेली. जिला पुरवणी टाकाऊ म्हणते तिची घरात चौथी नोकरी चालू असते. बाटलीची फुलदाणी करायची तर आधी फिनाइल ओतायला दुसरी बाटली लागते. कागदाच्या होड्यांचेही तसेच. घडी सुबक येते, होडी उत्तम होते, पण मे महिन्यात तिला सोडायला पाणी कुठले? बादलीतले पाणी कूलरचे असते आणि टाकीतले मोजून वापरायचे. त्यामुळे मेमध्ये बांधलेले आरमार जुलैपर्यंत कोनाड्यात नांगर टाकून पडते आणि पहिल्या पावसाच्या दिवशी शाळेत असलेल्या मालकाशिवाय बुडते. रंगवणे, चिकटवणे, कातरकाम यांची शिफारस करणाऱ्यांनी डिंक वाळायला किती वेळ लागतो आणि सहा वर्षांचे मूल किती वेळ थांबते, या दोन आकड्यांची तुलना केलेली दिसत नाही.

गजगे हा आवाजाच्या सीमेवरचा खेळ. पुण्याचा आतेभाऊ त्यांना सागरगोटे म्हणतो. करड्या रंगाचे, गुळगुळीत, काटेरी झुडपाच्या शेंगेतले हे बी. एक वर उडवायचे, ते खाली येण्याच्या आत जमिनीवरची उचलायची, मग वरचे झेलायचे. मुलींचा हात यात इतका बसलेला असतो की मुले हा खेळ "पोट्ट्यांचा नाही" असे जाहीर करून हार टाळतात. प्रत्येक गजगा फरशीवर पडताना खट्‌कन वाजतो आणि बाजेवरून एक कूस बदलते. खेळ थांबल्यावर गजग्याचा दुसरा उपयोग सुरू होतो. तो फरशीवर जोरजोरात घासायचा. घर्षणाने तो तापतो, आणि मग बेसावध भावाच्या दंडावर टेकवायचा. घर्षणाने उष्णता निर्माण होते हा धडा शाळेत काही वर्षांनी येतो. प्रयोग आधी होतो, किंकाळीसकट.

कॅरमला दुपारी बंदी असते. ७४ सेंटिमीटर चौरसाचा पट, नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी, पंधरा ग्रॅमपर्यंतचा स्ट्रायकर. नियमांच्या पुस्तकात हे सारे नेटके आहे. घरचा पट पिठाच्या डब्यावर ठेवलेला असतो, त्याच्या एका भोकाची जाळी गेलेली असते, त्यातून सोंगटी डब्यावर, डब्यावरून ताटावर आणि ताटावरून थेट आबाजींच्या झोपेत जाते. बोरिक पावडर संपली की अंगाला लावायची पावडर येते, तीही संपली की कणीक. घरच्यांना पावडरीचे दुःख होत नाही. कणकेचे होते.

लपाछपी हा बैठ्या खेळांत मोडत नाही, पण लपलेला मनुष्य बसलेला असतो, या मुद्द्यावर तो घेतला जातो. इथे शेतीमालाचा भाव महत्त्वाचा ठरतो. सोयाबीन आणि तूर काढून झाल्यावर भाव वाढेल या आशेने पोती घरातच रचून ठेवतात. भाव पडलेल्या वर्षी मे महिन्यापर्यंत माजघरात छातीइतकी थप्पी असते आणि तिच्यामागे चार जण आरामात मावतात. ज्या वर्षी चांगला भाव मिळून माल वेळेवर बाजार समितीत जातो, त्या वर्षी घरात लपायला जागा उरत नाही. मोठ्यांची आणि लहानांची सुगी एकाच वर्षी येत नाही, असे याचे सार काढता येईल. पोत्यामागे बसणाऱ्याला धूळ आणि सोंडे यांमुळे शिंक येते. लपाछपीतले बहुतेक शोध शिंकेनेच लागतात; राज्य असलेल्याने फक्त कूलरच्या बाजूला उभे राहू नये.

आणि मग लाइन जाते. दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला कूलर दीर्घ उसासा टाकून थांबतो आणि घरात अशी शांतता पसरते की आतापर्यंत झाकलेले सगळे उघडे पडते. पोत्यामागची कुजबूज, झब्बूवरचे भांडण, माठाजवळ चाललेले कैरी आणि तिखटमिठाचे गुप्त वाटप, सारे एकदम ऐकू येते. आपण इतका वेळ ओरडत होतो हे ओरडणाऱ्यांनाही तेव्हाच कळते. "कोन बोंबलून रायलं रे?" हा प्रश्न बाजेवरून येतो. त्याचे उत्तर नसते. सगळे आपापल्या जागी गोठतात, आणि हाही एक खेळच होतो, स्टॅच्यू नावाचा, ज्यात राज्य आबाजींवर असते आणि त्यांना ते माहीत नसते. त्याच वेळी रस्त्यावरून कुल्फीवाल्याची घंटा जाते. कडी लावलेली असते, हलायची सोय नसते. विदर्भातल्या बालपणातला हा सर्वांत लांब अर्धा मिनिट.

लाइन नसताना मोबाइल बाहेर निघतो. घरात मुले पाच, मोबाइल एक, चार्जिंग अकरा टक्के. प्रत्येकी पाच मिनिटे असे ठरते. घड्याळ त्याच मोबाइलमध्ये असल्याने ज्याच्या हातात तो असतो त्याची पाच मिनिटे कधी संपत नाहीत. उरलेले चौघे त्याच्या खांद्यावरून पाहतात, सूचना देतात, आणि थोड्या वेळाने पाहण्याचाच कंटाळा येऊन पुन्हा खडू शोधू लागतात. मोबाइलवर गंभीर चिंता व्यक्त करणाऱ्यांनी या अकरा टक्क्यांचे आभार मानलेले कुठे वाचनात येत नाहीत.

पाचच्या पुढे भिंतींची सावली अंगणाच्या मध्यावर येते. आजी उठते, चहाचे आधण ठेवते, आणि कडी निघण्याचा आवाज होतो. तो आवाज कूलर चालू असला तरी शेवटच्या खोलीपर्यंत पोचतो. मिनिटभरात घर रिकामे होते. पट अर्धवट, पत्ते गोधडीखाली, एक गजगा नेमका वाटेत. आबाजी बाजेवर उठून बसतात, चपला पायांनी चाचपतात, गजगा टाळतात. चूळ भरून झाल्यावर बाहेर धावत निघालेल्या थोरल्या नातीला ते सांगतात, "चंग कायचा पडला व तुले? तीनच तं होते." ती थबकते, काही बोलत नाही, पळून जाते. फरशीवरचा पट दुसऱ्या दिवशी सकाळी पोछा लागेपर्यंत तसाच राहतो. पोछा लागल्यावर कोणाची सोंगटी कुठे होती हे विचारायला लेकरे आबाजींकडेच येतात.